अंधारातले बर्लिन

हुकूमशाहीत राज्यसंस्थाच मारेकरी असताना एका खुनाच्या तपासाला काय अर्थ उरतो, असा प्रश्न नाझी जर्मनीत घडणाऱ्या गुन्हे-तपासाच्या कादंबऱ्यांबद्दल विचारला जातो. मला मात्र या कथाप्रकाराचे बळ नेमके त्याच प्रश्नात दिसते. १९४०-४१ मध्ये, हवाई हल्ल्यांच्या भीतीने दिवे मालवलेल्या बर्लिनमध्ये, पाउल ओगोर्त्सोव्ह याने उपनगरी रेल्वेच्या परिसरात आठ स्त्रियांचे खून केले. पोलिसांचा संशय आधी परदेशी मजुरांवर आणि ज्यूंवर गेला. वृत्तपत्रांना मोकळेपणी लिहिता येत नव्हते, त्यामुळे रात्री एकट्याने प्रवास करणाऱ्या स्त्रियांना धोक्याची पुरेशी कल्पनाच मिळाली नाही. आणि अखेर पकडला गेला तो रेल्वेचाच कर्मचारी, शिवाय नाझी पक्षाचा सदस्य. जुलै १९४१ मध्ये त्याला अटक झाली आणि त्याच महिन्यात मृत्युदंड दिला गेला. त्याच उन्हाळ्यात हा तपास करणाऱ्या गुन्हे पोलिसांचा प्रमुख आर्थर नेबे पूर्व आघाडीच्या मागे हजारो ज्यूंची कत्तल करणाऱ्या पथकाचे नेतृत्व करत होता! खुनी सापडल्यावर तपासनीस आपल्या टेबलाशी परततो, तेव्हा त्याच्यापुढे पुढचा कागद कोणाच्या सहीने येतो, हे मला अशा कादंबरीत वाचायचे असते.