आवळ्याजावळ्यांची माया : इंदूरकरांनो, लिहा

मी जुळ्यांतली, रामबागेत वाढलेली. ‘एकीला लागलं की दुसरीला दुखतं का गं?’ असं आम्हा बहिणींना दर हळदीकुंकवाला कुणीतरी विचारतंच. तुमचे अनुभव लिहा. जुळी एका फलित बीजाची की दोन, तेही सांगा. एका बीजाच्या जुळ्यांची जनुकं जवळपास सारखी असतात, दोन बीजांच्यांत सरासरी निम्मी, म्हणजे इतर सख्ख्या भावंडांइतकीच.

लोकमान्य नगरातली आई : माझ्या मुली एका बीजाच्या. बोलायला उशीर, पण आपसात अखंड बडबड. एक काहीतरी पुटपुटायची आणि दुसरी उठून कोपऱ्यातला चेंडू आणून द्यायची. सासूबाई कौतुकानं ऐकत बसत, मी मात्र धास्तावले. डॉक्टर म्हणाले, दोघी एकमेकींचेच अर्धवट उच्चार उचलतात, प्रत्येकीशी वेगळं बोला. मग रोज एकजण आजोबांबरोबर भाजी आणायला जाऊ लागली. मराठी आली, ती भाषा गेली. मला अजून तिची हुरहुर लागते.

सोनोग्राफी करणारी डॉक्टर : ही ओढ पोटातच दिसते. इटलीतल्या पादुआ विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. १४व्या आठवड्यातच गर्भ भावंडाकडे हात नेत होते. १८व्यापर्यंत अशा हालचाली वाढल्या, स्वतःकडे वळणाऱ्या घटल्या. जोड्या मात्र पाचच होत्या.

सुदामा नगरातले काका : भाऊ पुण्यात, मी इथे. एकाच रात्री दोघांची दाढ ठणकली!

धागा काढणारी : काका, दुरून मनातलं कळतं हे कुठल्या प्रयोगात सिद्ध झालेलं नाही. जनुकं, वय, लहानपणचं खाणं सारखं, मग दाढाही सारख्याच किडणार. शिवाय एकाचीच दुखली त्या रात्री कोण लक्षात ठेवतं? त्यानं तुमची माया उणी होत नाही.

कॉलेजात शिकणारी : मी आणि भाऊ जुळे. शाळेत तुकड्या वेगळ्या झाल्या तेव्हा मला मोकळं वाटलं. माझं धाकट्या बहिणीशीच जास्त जमतं. असंही असतं.

राजेंद्र नगरातली आई : वारा (प्लॅसेंटा) दोन होत्या, म्हणून मुलगे दोन बीजांचे असं सांगितलं होतं. पण दिसतात हुबेहूब!

सोनोग्राफी करणारी डॉक्टर : ताई, एका बीजाच्या जुळ्यांपैकीही साधारण एक-तृतीयांशांच्या वारा वेगळ्या असतात. खात्री हवी तर डीएनए तपासणी करून घ्या.