शब्दचर्चा : दयेचा अर्ज, दया याचिका, माफी, सूट – नेमकं काय लिहायचं?

मीनल : कैद्यांच्या घरच्यांसाठी मराठीत माहितीपत्रक करतेय. बातम्यांत ‘दया याचिका’, ‘दयेचा अर्ज’, ‘माफी’, ‘शिक्षेत सूट’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. जन्मठेपेच्या एका कैद्याच्या आईने मला विचारलं, “दयेचा अर्ज कुठल्या कोर्टात टाकायचा?” कुठला शब्द कशासाठी वापरू?

सुनंदा : मीनलताई, ‘याचिका’ टाळाच. रिट याचिका, जनहित याचिका ऐकून ऐकून याचिका म्हटलं की माणूस वकील शोधायला लागतो. दयेचा अर्ज न्यायाधीशापुढे जात नाही. तो घटनेच्या कलम १६१ खाली राज्यपालांकडे आणि कलम ७२ खाली राष्ट्रपतींकडे जातो. दोघंही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच निर्णय देतात, म्हणजे फाइल खरी फिरते ती गृहखात्यात. ‘अर्ज’ हाच शब्द ठेवा.

पण त्या आईला बहुधा दयेचा अर्ज नकोच आहे. तिला मुलाची मुदतपूर्व सुटका हवी आहे. ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ४७३ खाली, राज्याच्या धोरणाप्रमाणे होते. ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकते त्यात जन्मठेप झाली असेल, तर कलम ४७५ प्रमाणे किमान १४ वर्षं प्रत्यक्ष तुरुंगात काढावी लागतात. त्यावरून ‘चौदा वर्षं झाली की सुटतो’ असं लोक धरून चालतात. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, हे सर्वोच्च न्यायालयाने गोपाळ गोडसे यांच्या प्रकरणात १९६१ सालीच सांगितलंय. चौदा वर्षांनंतर फक्त विचार सुरू होऊ शकतो. हे ठळक टाइपात छापा.

विद्याधर : ‘माफी’बद्दल सांगतो. तुरुंगात माफी म्हणजे कामाबद्दल आणि चांगल्या वर्तनाबद्दल खात्यावर जमा होऊन शिक्षेतून वजा होणारे दिवस. “साहेब, माझी माफी किती झाली?” हा बराकीतला रोजचा प्रश्न. पत्रकात राष्ट्रपतींच्या अधिकाराला माफी म्हटलंत, तर कैदी ते दिवसांचा हिशोब म्हणून वाचेल. तिथे ‘क्षमा’ लिहा. क्षमेने दोष आणि शिक्षा दोन्ही जातात. ‘सूट’ म्हणजे शिक्षा तीच, मुदत कमी. ‘सौम्य करणे’ म्हणजे शिक्षेचा प्रकारच बदलणं, फाशीची जन्मठेप होणं.

मीनल : आणि ‘दया’? हात पसरल्यासारखं वाटतं.

सुनंदा : शब्द रुळलाय, बदलू नका. पण त्याखाली एक ओळ टाका: हा अर्ज नीट आणि वेळेत तपासणं हे सरकारचं घटनात्मक कर्तव्य आहे. शत्रुघ्न चौहान प्रकरणात २१ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं आणि अवाजवी विलंब हे फाशी रद्द होण्याचं कारण ठरू शकतं असं म्हटलं.

तरी काय झालं ते पुण्याच्या प्रकरणात बघा. २००७ साली बीपीओत काम करणाऱ्या तरुणीवर बलात्कार आणि तिचा खून. दोघांची फाशी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम झाली. राज्यपालांनी मार्च २०१६ मध्ये आणि राष्ट्रपतींनी मे २०१७ मध्ये अर्ज फेटाळले. त्यानंतर फाशीचं वॉरंट निघालं थेट एप्रिल २०१९ मध्ये! मधला काळ तुरुंग, सरकारी खाती आणि सत्र न्यायालय यांच्यातल्या पत्रव्यवहारात गेला. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये फाशीऐवजी ३५ वर्षांची शिक्षा दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०२४ रोजी ती कायम ठेवली. दोन माणसं रोज फाशीची वाट बघत बसली, आणि त्या मुलीच्या घरच्यांनाही इतकी वर्षं शेवट दिसला नाही. मला याचा राग येतो, कारण निर्णय देणाऱ्यांपेक्षा कागद पुढे ढकलण्यातच जास्त काळ गेला.

सर्वोच्च न्यायालयाच्या त्या डिसेंबर २०२४ च्या निकालाने प्रत्येक राज्याला गृह किंवा तुरुंग विभागात दयेच्या अर्जांसाठी स्वतंत्र कक्ष नेमायला सांगितलंय. त्याचा एक जबाबदार अधिकारी, सोबत विधी विभागाचा अधिकारी. तुरुंगाने अर्ज लगेच या कक्षाकडे पाठवायचा आणि गोपनीयतेची अडचण नसेल तिथे पत्रव्यवहार ई-मेलने करायचा. पत्रकात ‘कक्ष’ हा शब्द जरूर घ्या. चौकशी करायला नातेवाइकांना एक ठिकाण तरी कळेल.

टँपाकर : इकडे फ्लोरिडात शिक्षा भोगून झाली तरी मत देता येत नसे. गव्हर्नर आणि मंत्रिमंडळ यांच्या क्षमा-मंडळापुढे अर्ज करून ताटकळावं लागे. नोव्हेंबर २०१८ मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती केली. खून आणि लैंगिक गुन्हे वगळता हक्क आपोआप परत मिळावा असं ठरलं, पण २०१९ च्या कायद्याने आधी दंड आणि कोर्टाचा खर्च भरायची अट घातली. भारतात यासाठी कुठला अर्ज असतो?

सुनंदा : मतदानासाठी लागतच नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६२(५) तुरुंगात असेपर्यंतच आड येतं. सुटल्यावर यादीत नाव असलं की मत देता येतं. सुटून आलेल्या कितीतरी जणांना हे माहीतच नसतं. निवडणूक लढवण्याची अपात्रता मात्र वेगळी. ती कलम ८ खाली बहुतेक प्रकरणांत सुटकेनंतर सहा वर्षं टिकते. ‘नागरी हक्क’ असा एकच मथळा देऊन दोन्ही एकत्र करू नका.

विद्याधर : मुदतपूर्व सुटकेपुढे ‘अर्ज करा’ एवढंच लिहू नका. सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारी २०२५ रोजी सांगितलंय की धोरणाप्रमाणे कैदी पात्र झाला, की त्याने अर्ज केला नसला तरी सरकारने विचार करायचाच. नकार दिला तर त्याची कारणं लिहून कैद्याला कळवायची. अक्षरओळख नसलेल्या, वकील नसलेल्या माणसासाठी यासारखी मोठी गोष्ट नाही. त्या आईला अधीक्षकांकडे तीन प्रश्न घेऊन पाठवा: प्रस्ताव तयार झाला का, कुठल्या तारखेला पुढे गेला, आणि पोलीस, जिल्हाधिकारी, न्यायालय यांच्यापैकी कुणाचा अभिप्राय यायचा आहे?

मीनल : तिन्ही प्रश्न जसेच्या तसे घेते, पहिल्याच पानावर.