मदत हवी आहे: साडेचार वर्षांच्या मुलीसाठी जर्मन – ॲप, बोलणारा पेन की क्लास? (नाशिक)

सातपूरकर_आई
नमस्कार मंडळी. मुलगी साडेचार वर्षांची, ज्युनियर केजीत आहे. घरी मराठी, शाळेत इंग्रजी. नवऱ्याच्या कंपनीतून पुढच्या जूनच्या सुमारास दोन वर्षांसाठी जर्मनीला जाणं जवळजवळ नक्की आहे. तो ए१ (जर्मनची पहिली पातळी) करतोय, मला ओ की ठो कळत नाही. मुलगी तिथे किटामध्ये, म्हणजे बालवाडीत जाईल.

१) ॲप कोणतं घ्यावं?
२) जर्मन बोलणारा पेन आणि पुस्तकं मागवावीत का?
३) गंगापूर रोडला एक क्लास ‘चार वर्षांपासून जर्मन, प्रमाणपत्रासह’ अशी जाहिरात करतोय. घालावं का?

बजेट सगळं मिळून पाच हजार. रोज फार तर अर्धा तास मिळतो, त्यातही ती दमलेली असते.

गोदाकाठ
तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पैसे तिथेच जाणार आहेत. गोएथे इन्स्टिट्यूट ही जर्मन शिकवणारी आणि परीक्षा घेणारी जर्मनीची संस्था. तिची मुलांसाठीची सर्वांत खालची परीक्षा ‘फिट इन डॉइच १’. ती साधारण १० ते १६ वर्षांच्या मुलांसाठी असते. चार वर्षांच्या मुलीला मिळणारं प्रमाणपत्र क्लासने स्वतःच छापलेलं असणार. किटामध्ये ते कोणी विचारत नाही.

क्लास सरसकट वाईट नसतो, पण पैसे भरण्याआधी एक तास बसून बघा. वर्गात सहा-आठपेक्षा जास्त मुलं असतील, पहिल्याच दिवशी वहीत ए-बी-सी गिरवायला लावत असतील, किंवा बाई प्रत्येक शब्दाचं इंग्रजी सांगत असतील, तर पैसे न भरता निघून या. चांगल्या तासाला बाई जर्मनमध्ये सूचना देतात आणि मुलं ती हातापायांनी पाळतात: उभी राहतात, लाल ठोकळा उचलतात, दार उघडतात. अर्ध्या-पाऊण तासाच्या वर या वयाची मुलं टिकत नाहीत.

मधुरा_इंदिरानगर
ॲपबद्दल. ड्युओलिंगो या वयाला नको. त्यात वाचावं लागतं. ड्युओलिंगो एबीसी म्हणून लहानांचं वेगळं ॲप आहे, पण ते इंग्रजी वाचायला शिकवतं. नाव सारखं असल्याने बरेच पालक फसतात.

कुठलंही ॲप पाच मिनिटांत पारखता येतं. पडदा झाकून फक्त आवाज ऐका: माणसाचा आहे की यंत्राचा? पूर्ण वाक्य येतं का, की नुसतं ‘रोट, ब्लाउ, ग्रून’ (लाल, निळा, हिरवा)? मग मुद्दाम चुकीची चित्रं दाबत जा. पाच-सहा वेळा चुकूनही शेवटी तारा मिळतोय, तर मूल दाबायला शिकेल, भाषा नाही. फुकट ॲपमध्ये मध्येच जाहिराती येतात आणि मूल तिथेच अडकतं. म्हणून ॲप विमान मोडवर चालतं का, हेही बघा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शनानुसार २ ते ४ वर्षांच्या मुलांनी पडद्यासमोर बसण्याचा सगळा वेळ दिवसाला तासाभराच्या आत हवा. कार्टून त्यातच धरा. मग ॲपला दहा मिनिटांपेक्षा जास्त उरत नाहीत.

गोदाकाठ
+१. यावर २००३चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. पॅट्रिशिया कुल यांच्या गटाने अमेरिकेतल्या नऊ-दहा महिन्यांच्या बाळांना १२ बैठकांत मँडरिन ऐकवली. समोर माणूस होता तेव्हा बाळांनी त्या भाषेचे आवाज उचलले. तेच साहित्य व्हिडिओवर किंवा नुसत्या आवाजात दिलं तेव्हा काहीच फरक पडला नाही. साडेचार वर्षांचं मूल बाळ नाही, हे मान्य. तरी शेजारी कोणीतरी बसलं पाहिजे, एवढं त्यातून घ्या.

द्राक्षबाग
पेनबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. राव्हेन्सबुर्गरचा टिपटोई बहुतेक तुमच्या मनात असेल. घेण्याआधी हे बघा:

पुस्तकाच्या पानावर बारीक ठिपक्यांचा कोड छापलेला असतो, पेन तो वाचून आवाज काढतो. म्हणून एका कंपनीचा पेन दुसऱ्या कंपनीच्या पुस्तकावर चालत नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या इंग्रजी-हिंदी पेनने जर्मन पुस्तक बोलणार नाही. प्रत्येक पुस्तकाची आवाजाची फाइल पेनमध्ये भरावी लागते. ती कंपनीच्या साइटवर फुकट आहे, त्यामुळे जुनं पुस्तक घेतलं तरी अडत नाही. नव्या पुस्तकाला पेन गप्प बसला की लोक परत पाठवायला निघतात. दहात नऊ वेळा फाइलच भरलेली नसते.

पण इथून मागवाल तर पेन खेळण्यात मोजला जातो, आणि खेळण्यांवरची कस्टम ड्युटी पुस्तकांपेक्षा कितीतरी जास्त आहे. तुमचे पाच हजार त्यातच संपतील. जूनला जाणारच आहात, तिथे जाऊन घ्या. जुन्या बाजारात ढिगाने मिळतात.

त्याऐवजी पिक्सी पुस्तकं आणवा. तळहाताएवढी, १० बाय १० सेंमी, २४ पानं. कंपनीतलं कोणी तिकडून येत असेल तर दहा-पंधरा पुस्तकं बॅगेच्या कोपऱ्यात मावतात.

मधुरा_इंदिरानगर
आणि प्रथम बुक्सचं स्टोरीविव्हर, म्हणजे अनेक भाषांतल्या बालगोष्टींची फुकट वेबसाइट! पहिल्या पातळीची जर्मन गोष्ट उतरवून घ्या. रंगीत छापताना पानं चाराच्या पटीत ठेवा: १६ पानांच्या पुस्तिकेला ए४ चे चार कागद. झेरॉक्सवाल्याला ‘बुकलेट’ सांगा आणि ‘शॉर्ट एज’वर पलटायला लावा, नाहीतर मागची पानं उलटी येतात. मध्ये दोन टाचण्या. एक सावधगिरी: तिथे भाषांतर कोणीही करू शकतं. छापण्याआधी नवऱ्याच्या शिक्षकांना मजकूर दाखवा.

सातपूरकर_आई
सगळ्यांचे आभार. क्लास रद्द, पेनही रद्द. पण मग रोजचा अर्धा तास नेमका कसा घालवू? मलाच येत नाही तर मी चुकीचं शिकवणार नाही का?

गोदाकाठ
तुम्ही शिकवू नका, आवाज मोबाईलचा वापरा. अर्धा तास सलगही नको: सकाळी दहा मिनिटं, जेवताना दहा.

गोएथे इन्स्टिट्यूटचं ‘हान्स हाझं’ हे सशाच्या बाहुलीभोवती बांधलेलं साहित्य बालवाडीसाठीच आहे. शिक्षकांसाठी असलं तरी त्यातल्या खेळांच्या कल्पना घरी चालतात. त्यांचं डिजिटल बालविद्यापीठ मात्र ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी आहे, ते आत्ता राहू द्या. पाहायला काही हवं असेल तर डब्ल्यूडीआर या जर्मन वाहिनीचा ‘हत्तीचा कार्यक्रम’. १९७१पासून चालणाऱ्या ‘उंदराच्या कार्यक्रमा’चं हे बालवाडीच्या वयाचं भावंड. काही व्हिडिओ भारतातून उघडत नाहीत, त्यामागे लागू नका.

जेवणाच्या ताटाशी एक खेळ. चमचा, काटा, सुरी (बोथट) मांडा. जर्मनमध्ये तिन्हींची लिंगं वेगळी: देअर ल्योफेल, दी गाबेल, दास मेसर. मराठीत तो-ती-ते आहेच, त्यामुळे तीन लिंगं असतात याचं तिला नवल वाटणार नाही. पण जोड्या जुळत नाहीत. आपल्याकडे काटा ‘तो’, तिकडे ‘दी’, म्हणजे ‘ती’. म्हणून शब्द कधीही नुसता घेऊ नका, पुढच्या देअर-दी-दाससकटच घ्या. आता एक वस्तू नॅपकिनखाली लपवा आणि विचारा: ‘वो इस्ट देअर ल्योफेल?’ (चमचा कुठे आहे?) तिने नुसतं बोट दाखवलं तरी चालेल. पहिले दोन-तीन महिने मुलं ऐकतात, बोलत नाहीत. ‘म्हणून दाखव बरं काकांना’ हे अजिबात नको, त्याने पोपटपंची होते आणि मूल बिथरतं.

मधुरा_इंदिरानगर
रंग-आकडे नंतर. किटामध्ये पहिल्या दिवशी लागणारी वाक्यं आधी:

इख मुस आउफ्स क्लो – मला शूला/शीला जायचंय
इख हाबं दुर्स्ट – तहान लागली
दास टूट वे – दुखतंय
श्टॉप, इख विल दास निख्ट – थांब, मला हे नको
दार्फ इख मिटश्पीलन? – मी खेळायला येऊ?
कान्स्ट डू मिर हेल्फन? – मला मदत करतेस का?

देवनागरी फक्त तुमच्या अंदाजासाठी. ‘इख’मधला ख आपला ख नाही, जिभेचा मधला भाग टाळूजवळ नेऊन हवा सोडतात. नवऱ्याच्या शिक्षकांकडून ही सहा वाक्यं दोनदा-दोनदा, सावकाश, रेकॉर्ड करून घ्या. प्रत्येक वाक्याची वेगळी फाइल करा, म्हणजे तहान लागली की तेवढीच वाजवता येते.

द्राक्षबाग
रेकॉर्डिंग जुन्या, सिम नसलेल्या मोबाईलवर टाका, इंटरनेट बंद. एकदा यूट्यूब लागलं की पुढचं गाणं आपोआप इंग्रजीत जातं आणि मग मोबाईल परत मिळत नाही.

सातपूरकर_आई
शिक्षकांना आजच निरोप धाडला, शनिवारी रेकॉर्ड करून देतो म्हणाले. ‘मला माझी आई हवी’ हे वाक्यही त्यांच्याकडून घेऊ का?

मधुरा_इंदिरानगर
घ्याच. ‘इख विल त्सू माइनर मामा’, म्हणजे मला आईकडे जायचंय. त्सू म्हणताना ‘चाक’मधला च आणा, तो तिला आधीच येतो.