सावद्याला घरामागे मधमाशीची पेटी, आणि त्या मधाची मीड

नवखा_सावदा:
आमचं घर गावाच्या कडेला आहे. मागे मोकळी जागा, दोन कडुनिंब, एक शेवगा, लिंबाचं झाड. कुंपणापलीकडे लगेच केळी. पुण्यात नोकरीला होतो तेव्हा मीड प्यायलो, म्हणजे मध-पाणी आंबवून केलेली दारू. फार आवडली. आता काम घरूनच असतं, तर म्हटलं एखाद-दोन पेट्या ठेवू, मध काढू आणि मीड घरीच करू. सातेरी, म्हणजे देशी माशी घेऊ की मेलिफेरा, म्हणजे परदेशी जातीची? मध किती निघेल? आईचं म्हणणं, गल्लीतल्या पोरांना डसल्या तर भांडणं तूच निस्तर.

आबा_यावल:
भो, माशी कोणती ते नंतर. आधी मे महिन्याचं काय करशील ते सांग.

पिलं असतात ती जागा माशा 34-35 अंशांवर ठेवतात. आपल्याकडे पारा 45 ला टेकला की पाणी आणून पोळ्यात पसरायचं आणि पंखांनी वारा घालायचा, हेच काम दिवसभर. पेटी उन्हात असली तर निम्म्या माशा पाण्यामागे, मग मध आणणार कोण? मेण वितळायला साठीच्या वर तापमान लागतं, पण त्याच्या कितीतरी आधी ते मऊ पडतं आणि मधाने जड झालेलं नवं पोळं फ्रेममधून, म्हणजे पेटीतल्या लाकडी चौकटीतून, खाली बसतं. म्हणून पेटी कडुनिंबाखाली, तोंड पूर्वेला, वर ओलं गोणपाट. स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत, नाहीतर मुंग्या पेटी खाली करतील. जवळ घमेल्यात पाणी आणि त्यात खडे, माशांना बसायला. हे घमेलं पेटी आणली त्याच दिवशी मांड. एकदा का त्यांना शेजाऱ्याच्या कुलरची चटक लागली, की आई म्हणते ते खरं होणार.

सातेरी डोंगरातली. पाल गावाकडे सातपुड्यात झाडांच्या ढोलीत मिळते. खाली मैदानात फुलोरा आटला की पेटी टाकून निघून जाते, रिकामी फ्रेम बघत बसायचं. मेलिफेरा टिकून राहते, पण खादाड. फुलं नसतील त्या दिवसांत साखरेचा पाक ठेवावा लागतो. लोक 25-30 किलोच्या गोष्टी सांगतात, ते गाडीत पेट्या घालून तीळ, सूर्यफूल, डोंगळे (बियाण्यासाठी फुलवलेला कांदा) असे फुलोऱ्यामागे फिरतात. एका जागी ठेवलेल्या पेटीला तो हिशोब लावू नको.

आणि पलीकडची केळी बघून हुरळू नको. केळफुलात मकरंद भरपूर, माशा तुटून पडतात. पण घड निसवला, म्हणजे बाहेर पडला, की आपण कमळ, म्हणजे घडाच्या टोकाचं केळफूल, मोडून टाकतो. शिवाय फुलकिडे मारायला कमळात इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचं इंजेक्शन देणारे आहेतच. ते माशीला विषच. त्या शेतकऱ्याला पेटी आणायच्या आधी भेट, नंतर नव्हे. माझ्या बांधाला कपाशी आहे. फवारणी असली की तो आदल्या दिवशी फोन करतो, मी अंधार पडल्यावर पेटीच्या दाराला जाळी लावतो आणि त्याचं काम उरकल्यावर काढतो. त्याला दिवाळीत एक बरणी जाते.

डोंगळेवाला_साक्री:
आबांना दुजोरा. कांदा बियाण्यासाठी आम्ही पेट्या भाड्याने आणतो. माशा नसतील तर डोंगळ्यात बी भरत नाही. एक गंमत सांगतो, कांद्याच्या मधाला ताजा असताना कांद्याचा वास मारतो. ठेवला की हळूहळू जातो. त्याची दारू कशी लागेल देव जाणे.

कोर्टाची_पायरी:
दारूचं कुणी बोलेना म्हणून मी बोलतो. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा आहे. परवाना नसताना मद्य तयार करणं हा गुन्हा, मग ते घरच्यापुरतं का असेना. मोहाची असो की मधाची. पुण्यात तू प्यायलास ती परवानाधारक कारखान्यातली. त्यामुळे त्याची कृती इथे कुणी विचारू नये, कुणी देऊ नये.

नवखा_सावदा:
हे माहीत नव्हतं. बरं, मीड रद्द. मध तरी खाऊ. आबा, पेटी कधी आणू? आणि शिकू कुठे?

आबा_यावल:
पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरात. तूर फुलते, पुढे शेवगा, डोंगळे, मग तुझे कडुनिंब, तोवर वसाहत भरते. शिकायला महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था. मंडळाच्या मधकेंद्र योजनेत निम्मं अनुदान आहे, निम्मे आपले घालायचे. प्रशिक्षण घेतल्याशिवाय पेटी आणू नको. माशा शांत करायला धूर सोडायचं धुराडं कसं धरायचं हे मोबाइलवर बघून येत नाही.

मध काढताना घाई करू नको. फ्रेमवरचे बहुतेक कप्पे माशांनी मेणाने बंद केले असतील तीच फ्रेम मधयंत्रात, म्हणजे गरगर फिरवून मध काढायच्या यंत्रात, घाल. उघड्या कप्प्यांतला मध पातळ असतो. ओलावा 20 टक्क्यांच्या वर गेला की बरणीत आपोआप आंबतो, फेस येतो, झाकण फुगतं. मग कोर्टवाल्या भाऊंना तूच समजावत बस.