मदत हवी आहे: कोअर महागाईच्या आलेखात एक रेषा मधेच उसळते

निशाचर:
परवा सादरीकरण आहे. कोअर महागाईचे (अन्न-ऊर्जेसारख्या चटकन वरखाली होणाऱ्या वस्तू वगळून मोजलेल्या महागाईचे) आकडे उतरवून एका आलेखात टाकले. एक रेषा मधेच उसळते, वर्षभर वर राहते आणि धाडकन खाली येते. एक्सेल दोनदा तपासलं. काय चुकतंय? लवकर सांगा, प्लीज.

सांजवेळ:
कुठले देश? कुठली वर्षं? एवढं तरी लिहा हो.

कोरापाटी:
वार्षिक दर काढताना यंदाच्या महिन्याच्या किंमत निर्देशांकाला गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या निर्देशांकाने भागा, १ वजा करा, १०० ने गुणा.

निशाचर:
सूत्र येतं मला. अमेरिका, युरो क्षेत्र, जपान. २०१२ ते २०१९. उसळी जपानची.

गणितीकाका:
मग ती एप्रिल २०१४ पासून असणार. त्या महिन्यात जपानने उपभोग कर ५ वरून ८ टक्के केला. कर एकदाच वाढला, तरी वार्षिक दरात बारा महिने दिसतो आणि मग आपोआप गळतो. त्याला महागाईचा कल म्हणू नका.
शिवाय तिन्ही 'कोअर' एक नाहीत. जपानची रूढ कोअर फक्त ताजे अन्नपदार्थ वगळते, तेल-वीज आतच. अमेरिका सगळं अन्न आणि ऊर्जा काढते. युरोवाले दारू-तंबाखूही काढतात.

मध्यक:
ही वगळावगळीच सोडा, ट्रिम्ड मीन घ्या, म्हणजे भाव सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी बदललेल्या वस्तू कापून उरलेल्यांची सरासरी. ऑस्ट्रेलियाची मध्यवर्ती बँक दोन्ही टोकांचा १५-१५ टक्के भार (खर्चातला वाटा) कापते. त्या महिन्यात जे टोकाला गेलं तेच बाहेर, आधीपासून कुणावर फुली नाही.

गणितीकाका:
डॅलस फेड (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची डॅलसमधली शाखा) खालून २४ आणि वरून ३१ टक्के कापते. म्हणजे कात्री कुठे लावायची हे शेवटी माणूसच ठरवतो. आणि करवाढीत बहुतेक वस्तू एकदम चढतात, तिथे कापणार काय? धागाकर्त्याची अडचण ट्रिम्ड मीनने सुटत नाही.

मध्यक:
करापुरतं मान्य. पण २०२१ मध्ये अमेरिकेत जुन्या गाड्यांचे भाव भडकले, ते कोअरमध्ये तसेच राहिले. ट्रिम्ड मीनने ते कापले.

सांजवेळ:
तुमचा वाद वाचायला आवडतोय, पण त्यांचं सादरीकरण परवा आहे. निशाचर, ओईसीडी या देशांच्या आर्थिक संघटनेकडे 'अन्न व ऊर्जा वगळून' अशी मालिका देशवार मिळते. तिन्हींसाठी तीच घ्या.

निशाचर:
घेतली, आभार! करवाढीचे बारा महिने वेगळ्या रंगात दाखवले. पण अमेरिका अजून युरोच्या बरीच वर आहे. हे खरं मानू?

गणितीकाका:
सगळं नाही. अमेरिकेच्या निर्देशांकात स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचं मानीव भाडं (तेच घर भाड्याने घेतलं असतं तर पडलं असतं ते) सुमारे पाव भार घेऊन बसलंय. युरोच्या निर्देशांकात ते नाहीच. अमेरिकेची निवारा वगळून मालिका शेजारी ठेवून बघा.

निशाचर:
बघतो. जपान धरतो का हे भाडं?

गणितीकाका:
धरतो. म्हणजे तिघांत युरोच वेगळा, आलेखाखाली तसं स्पष्ट लिहा.