मदत हवी आहे: आईचा निळा पंप दीड महिन्यात संपतोय

नमस्कार. आई ६४ वर्षांची, दमा जुना. दोन पंप आहेत: साल्ब्युटामॉलचा निळा आणि रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा बुडेसोनाइडचा. दुसऱ्यात स्टिरॉइड असतं हे शेजारच्या काकूंकडून कळल्यापासून तो देव्हाऱ्याखालच्या खणात पडून आहे. निळ्यावर मात्र भारी भरवसा. २०० फवाऱ्यांचा पंप पूर्वी पाच-सहा महिने पुरायचा.

काल मुद्दाम बघत बसलो. दोन फवारे लागोपाठ मारले, निम्मा धूर ओठांच्या कडेने बाहेर. पाच मिनिटांत बरं वाटलं, पण चहा घेतला तर कप बशीवर नुसता वाजत होता. रात्री तीनला पुन्हा उठून बसली.

इतका पंप चालतो का? थरथर त्यानेच का? छातीच्या डॉक्टरांची वेळ सोमवारची आहे.

प्रतिसाद: माझं मेडिकलचं दुकान आहे. थरथर साल्ब्युटामॉलचीच, पण काळजी वेगळीच आहे. निळा पंप आवळलेल्या श्वासनळ्या चार-सहा तास सैल करतो, आतली सूज तशीच राहते. ती उतरवतो खणातला. त्यातल्या स्टिरॉइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे अगदी थोडी असते, घेतल्यावर चूळ भरून थुंकायची एवढंच. वर्षाला तीन निळे पंप लागले तरी दमा ताब्यात नाही असं धरतात. या वेगाने तुमचे आठ होतील. स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये जोडायची पोकळ नळी, बिनधास्त विकत घ्या. एका वेळी एकच फवारा, दहापर्यंत मोजत श्वास रोखायचा, मिनिटभराने दुसरा. स्पेसर धुतल्यावर पुसू नका, तसाच वाळू द्या. पुसला की औषध आतच चिकटतं.

एक विचारतो, हल्ली काही नवीन औषध? बीपीचं, डोळ्यांत घालायचं?

धागाकर्ता: काचबिंदूचे थेंब! गणपतीनंतर सुरू झालेत. बाटलीवर टिमोलॉल लिहिलंय. दम्याचं तिथे कोणी विचारलं नाही, आईनेही सांगितलं नाही.

प्रतिसाद: मग सोमवारची वाट बघू नका. टिमोलॉल बीटा-ब्लॉकर आहे. थेंब डोळ्यातून नाकात उतरून रक्तात जातो आणि श्वासनळ्या आवळतो. निळ्या पंपाची वाटही तोच अडवतो. पुढचा थेंब घालण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करा, दम्यात चालणारे दुसरे थेंब मिळतात. बोलताना वाक्य तुटायला लागलं, ओठ निळसर दिसले किंवा पंपाने आराम पडेना, तर तडक हॉस्पिटल.

धागाकर्ता: फोन झाला, थेंब बदललेत. आई विचारतेय, जुन्या बाटलीचे पैसे परत मिळतील का.