शेततळ्यातल्या रोहू-कटल्याला बार्लीचा चोथा द्यावा की डीडीजीएस?

शेततळे_निफाड:
30 × 30 × 3 मीटरचं प्लॅस्टिक अस्तराचं शेततळं. रोहू, कटला, मृगळ मिळून 1200 नग, सरासरी वजन 300 ग्रॅम. सध्या तांदळाचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड निम्मी-निम्मी देतो, पण पेंड परवडेना. बिअर कारखान्यातला बार्लीचा ओला चोथा मिळतोय, मक्याचं डीडीजीएसही (अल्कोहोल काढल्यावर उरलेला, वाळवलेला मक्याचा गाळ) मिळतं. काय घ्यावं? आणि आंबवून द्यायचं का? जाणकारांनी प्रमाणासह सांगावं.

तळ्याकाठी:
दादा, चोथा आंबवलेला नसतोच. माल्टचा गोड रस गाळून घेतल्यावर उरतो तो चोथा, यीस्ट पडतं ते त्या रसात. डीडीजीएसचं उलट. तिथे अख्खा भरडलेला मका आंबतो, अल्कोहोल उडवून उरलेला गाळ वाळवतात. म्हणून डीडीजीएस पुन्हा आंबवू नका, वेळ वाया जाईल.

चोथ्यात 75-80 टक्के पाणी. 100 किलोत कोरडा माल फार तर 20-25 किलो, त्यातलं प्रोटीन जेमतेम 5 किलो. 100 किलो डीडीजीएसमध्ये 27-28 किलो. चोथ्याला डीडीजीएसच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भाव देऊ नका, वर वाहतूक वेगळी. शिवाय उन्हाळ्यात तो दोन दिवसांत नासतो.

100 किलो कोरड्या खाद्याचं प्रमाण: डीडीजीएस 30, सोयाबीन पेंड 25, कोंडा 42, मिनरल मिक्श्चर 2, मीठ 1. प्रोटीन 25 टक्क्यांच्या आसपास बसतं. सोयाबीनच का? मक्यात लायसीन (माशाच्या वाढीला लागणारा प्रोटीनचा एक घटक) कमी, शेंगदाणा पेंडीतही कमी. दोन्ही एकत्र घातले तर कागदावर प्रोटीन भरतं, पण मासा वाढत नाही.

कोंडा_आणि_यीस्ट:
आंबवायचा तो कोंडा. त्यातला फॉस्फरस फायटेट नावाच्या, माशाला न पचणाऱ्या संयुगात अडकलेला असतो, आंबवल्यावर बराच मोकळा होतो.

10 किलो कोंडा, 300 ग्रॅम गूळ, 50 ग्रॅम कोरडं यीस्ट, 6 लिटर कोमट पाणी. गूळ-यीस्ट पाण्यात विरघळवून पंधरा मिनिटं ठेवा, फेस आला तरच पुढे जा. कोंड्यात कालवा. मुठीत लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. ड्रममध्ये दाबून भरा, हवा राहू देऊ नका. झाकण मात्र गच्च आवळू नका, वायू बाहेर पडायला हवा. सावलीत 24 ते 36 तास. आंबट-गोड वास आला की तयार. दोन-अडीच दिवसांत संपवा.

बहुतेक जण चुकतात ते पाण्यात. जास्त झालं की खाली सडका वास सुटतो.

तळ्याकाठी:
त्यात भर. 10 किलोचा कोंडा ओला होऊन 16 किलो होतो, हे वजन धरताना विसरू नका. तुमच्याकडे मासा एकूण 360 किलो, 2.5 टक्क्यांनी रोज 9 किलो कोरडं खाद्य. म्हणजे डीडीजीएस 2.7, सोयाबीन 2.25 आणि आंबवलेला कोंडा 6 किलो. मळून गोळे करा आणि दोरीने टांगलेल्या ट्रेमध्ये ठेवा. दोन तासांनी ट्रेमध्ये उरलं तर दुसऱ्या दिवशी कमी करा. अस्तराच्या तळ्यात खाली माती नाही, उरलेलं तिथेच कुजतं आणि अमोनिया वाढतो. ढगाळ हवेत खाद्य निम्मं, आणि सकाळी मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर त्या दिवशी बंद.

डीडीजीएस सोनेरी बघून घ्या. गडद तपकिरी म्हणजे वाळवताना जळालेलं, त्यातलं लायसीन माशाला मिळत नाही. मक्यातलं अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) डीडीजीएसमध्ये साधारण तिप्पट दाट होतं आणि आंबवून जात नाही. म्हणून तपासणीचा दाखला मागा, अफ्लाटॉक्सिन बी1 किलोला 20 मायक्रोग्रॅमच्या आत हवं.

शेततळे_निफाड:
ड्रमच्या वरच्या थरावर हिरवट बुरशी दिसली, तर तेवढा थर काढून बाकीचं देता येईल का?

कोंडा_आणि_यीस्ट:
नाही. पांढरा, आंबट वासाचा थर यीस्टचा, तो चालतो. हिरवी, काळी किंवा पिवळी बुरशी दिसली तर अख्खा ड्रम टाका आणि धुऊन उन्हात वाळवल्याशिवाय दुसरा घाणा भरू नका.